बगीचा ताणावर असताना

डिसेंबर लागला की आम्ही संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतो. ज्यानं बगीचा केलेला नाही त्याला हे निर्दयपणाचं वाटेल, म्हणून आधी सांगतो. संत्र्याला बारमाही पाणी मिळत राहिलं तर ते नुसती पानं वाढवत बसतं. पाणी बंद केलं की हळूहळू पानांची चकाकी जाते, कडा आत वळतात, हिरव्यावर पिवळट छटा येते, काही पानं गळून बुंध्याभोवतीच्या आळ्यात पडतात. झाड असं पार मरणाच्या दाराशी नेऊन उभं करायचं आणि तिथून पाणी देऊन परत बोलवायचं. मग ते अंगभर फुलतं. ह्याला ताण देणं म्हणतात. किती ताण द्यायचा हे जमिनीवर आणि नजरेवर असतं. कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड नाही.

यंदाही बगीचा ताणावर आहे. मी सुटीच्या दिवशी अमरावतीहून चांदूर बाजारच्या रस्त्यानं जातो, फाट्यावर गाडी लावतो आणि झाडांच्या ओळींमधून फिरतो. काळ्या मातीला भेगा पडल्यात. वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी वाजतात. शेजारी किसनभाऊंच्या मळ्यात मात्र मेथी आणि झेंडू हिरवेगार उभे असतात. त्यांच्या पिकाला ताण परवडत नाही. एकाच विहिरीवरचे हे दोन मळे ह्या दिवसांत दोन वेगळ्या मुलखांसारखे दिसतात. हवेत सुकलेल्या मातीचा वास, आणि नाक नीट लावलं तर त्याखाली पानांतल्या तेलाचा कडवट वास. हा वास मला पूर्वी आवडायचा.

मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. खुणेचा दगड सापडेपर्यंत मी काही बोलत नाही, सापडला की जे आहे ते सांगतो. कोणाला आवडो न आवडो. बांध कोणाचा, विहीर कोणाच्या बाजूला, हे मी सांगू शकतो. सुमितच्या बाबतीत मला कोणताच दगड सापडला नाही.

सुमित आमचा मुलगा. चोवीस वर्षांचा असताना तो गेला. त्याला काही वर्षं झाली.

त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. जानेवारी होता, थंडी चांगली होती. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, दगडी कुंडातलं पाणी गार असेल म्हणून माझ्या सासूबाईंनी घरून थर्मास भरून कोमट पाणी आणलं होतं. पाळकसाहेबांनी थर्मास पाहिला आणि हसून म्हणाले, "आजीबाई, देवाच्या कृपेला तापमान नसतं." सासूबाई म्हणाल्या, "कृपेले नसन. लेकराच्या टाळूले असते." मंडळीत हशा पिकला आणि थर्मासातलं पाणी कुंडात ओतलं गेलं. तीन वेळा पाणी डोक्यावर घातलं. पोरगं रडलं नाही. उलट हात उचलून त्यानं पाळकसाहेबांच्या झग्याची कड घट्ट धरली, ती सोडवायला वेळ लागला. विमल, माझी बायको, हे पुढं कितीदा तरी सांगायची. "सोडतच नव्हता," म्हणायची.

त्या दिवशी मुलाच्या वतीनं आम्ही उत्तरं दिली. विश्वास धरतोस का, पापाला नाकारतोस का, असे प्रश्न पाळक विचारतात आणि लेकरू बोलू शकत नाही म्हणून आईबाप हो म्हणतात. दुसऱ्याच्या हद्दीबद्दल कागद पाहिल्याशिवाय हो न म्हणणारा मी, एका तान्ह्या जिवाच्या वतीनं तीन वेळा हो म्हणालो. त्या वेळी मनात शंका आली नाही. आमच्या मंडळीची समजूत अशी की बाळाला काही कळण्याच्या आधीच देव आपलं वचन त्याच्यावर ठेवतो. माणूस देवाला शोधायला निघण्याआधी देव येऊन बसलेला असतो. माझ्या आजोबांवर असंच पाणी पडलं, वडिलांवर पडलं, माझ्यावर पडलं. आम्ही त्याचा विचार आपल्या आडनावाचा करावा तितकाच करायचो.

सोळाव्या वर्षी त्याचं दृढीकरण झालं. पांढरा शर्ट घालून, बाकीच्या मुलामुलींबरोबर उभं राहून त्यानं तेच हो आपल्या तोंडानं म्हटलं. मग तो शेतकी शिकायला बाहेरगावी गेला आणि दोन-तीन वर्षांनी एका नाताळात, ताटात करंज्या असताना, आईला म्हणाला, "आई, मी देवळात येईन तुझ्यासोबत, पण आत बसणार नाही. मले आतून काही वाटतच नाही. तिथं उभं राहून खोटं म्हणावं वाटत नाही."

विमलनं हातातली करंजी ताटात परत ठेवली. मी म्हणालो, "वाटत नसेल तर थांब. घाई नाही."

ती म्हणाली, "घाई नाही काय? हे काय पोस्टातलं खातं आहे, कवाही भरलं तरी चालाले?"

सुमित हसला. तोही माझ्यासारखाच होता. जे दिसत नाही ते दिसतं म्हणायचा नाही. त्यानंतर घरी असला की दर रविवारी तो आईला मोटरसायकलवर बसवून देवळापर्यंत आणायचा आणि उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर कडुलिंबाखाली शेंगा फोडत बसायचा. आत गाणं सुरू झालं की मान तालात हलवायचा. पाळकसाहेब बाहेर पडताना त्याच्या हातातल्या दोन शेंगा घ्यायचे. कधी काही बोलले नाहीत. विमलला ते आवडायचं नाही. "बोलाले पायजे होतं त्यायनं," असं ती अजून म्हणते.

शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी नको होती. दोनशे अकरा झाडांचा बगीचा त्यानं ताब्यात घेतला आणि मला सुटीच्या दिवसाचा पाहुणा करून टाकलं. ताण तो मोठ्या कौतुकानं द्यायचा. पान तोडून मुठीत चुरायचा, कानाशी नेऊन आवाज ऐकायचा. "अजून आठ दिवस, बाबा," म्हणायचा. पाणी सोडायचा दिवस किसनभाऊ आणि तो मिळून ठरवायचे, कारण मोटार एकच. आधी झाडांची आळी चाळून खत टाकायचं, मग पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं. लगेच भरपूर दिलं तर तहानलेलं झाड बिघडतं. काही दिवसांनी दुसरं, मग तिसरं, आणि मग एका सकाळी फाट्यापासूनच वास यायचा. फुलं दिसायच्या आधी वास यायचा.

त्या वर्षी बगीचा ताणावर होता आणि जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी त्याची मोटरसायकल एका उभ्या ट्रकवर गेली. ह्यापुढं त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

घर माणसांनी भरलं. किसनभाऊ मळ्यातले झेंडू पोत्यात भरून घेऊन आले. सगळी फुलं त्यांनी स्वतः शवपेटीवर ठेवली, आणि मग देवळाच्या पायरीवर बाहेरच उभे राहिले. मी आत या म्हटलं तर म्हणाले, "इथूनच ठीक हाये दादा. तो बी भायेरच बसे ना." पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, माती टाकली, पुनरुत्थानाची आशा सांगितली. ते तोवर बरेच थकले होते. ज्या हातानं पाणी घातलं त्याच हातानं माती टाकावी लागली, एवढं ते मला म्हणाले आणि माझ्या खांद्याला धरून गाडीपर्यंत गेले.

अकोल्याहून विमलची धाकटी बहीण शीला आली होती, ती महिनाभर राहिली. शीलानं पोळ्या लाटल्या, विमलचे केस विंचरले, ती जेवत नाही तोवर स्वतः जेवली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे बोलणं झालं त्यावरून कोणी तिला कठोर समजू नये. शीला लग्नानंतर अकोल्यात एका वेगळ्या पंथाच्या मंडळीत, त्यांच्या शब्दांत सहभागितेत, जाते. तिथं तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं आधी स्वतः पश्चात्ताप करावा, त्याचा नवा जन्म व्हावा आणि मग त्यानं पाण्यात पूर्ण बुडून वर यावं, असं ते मानतात. शीलानंही पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता, एका शेततळ्यात. तेव्हापासून विश्वासाबद्दल बोलताना ती एकदम पुस्तकी मराठी बोलते. एरवी आमच्यासारखीच बोलते.

एका दुपारी दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. विमल म्हणाली, "पाणी तर पडलंय न शीले त्याच्यावर. देवानं धरलेलं आहे त्याले."

शीलानं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ताई, तुला खोटं सांगून मी बहीण राहणार नाही. शिंपडलेल्या पाण्यानं आत्म्याचं तारण होत नसतं. त्यानं स्वतः प्रभूला स्वीकारलं होतं का? कधी तरी? एकदा जरी मनापासून स्वीकारलं असेल ना, तर मग काही भीती नाही. एकदा तारलेला माणूस पुन्हा हरवत नाही, हे मी छातीठोक सांगते."

"मंग एकदा झालं होतं का नाही, हे कोण सांगन?"

शीला रडायला लागली. विमल रडली नाही. तांदूळ निवडत राहिली.

विमल पाळकसाहेबांकडं गेली, मी सोबत होतो. ते म्हणाले, "विमलताई, देव एकदा धरलेला हात सोडत नाही." तिनं विचारलं, "आन् लेकरानंच झटकला तर?" पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मी दर रविवारी त्याच्या हातच्या शेंगा खाल्ल्या. मला तो झटकणारा वाटला नाही." तिला ते उत्तर पुरलं नाही. मलाही पुरलं नाही, पण मला ते आवडलं.

त्या दिवसांत मी रात्रंदिवस ह्या दोन शिकवणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही माणसाला निश्चिंत करण्यासाठीच आहेत. एक म्हणते, तुझ्या कळण्याआधी देवानं तुला धरलं आहे. दुसरी म्हणते, एकदा तू त्याचा झालास की तुला कोणी हिसकावू शकत नाही. मोठी माणसं ह्या वचनांवर शांतपणे मेली आहेत, माझे वडीलही. पण विमल दोन्ही वाटांनी चालत गेली तेव्हा एकाच बंद दाराशी पोहोचली. एकीकडं, तो सोडून गेला तर काय? दुसरीकडं, तो मुळात आत आला होता का? जिवंत माणसाला ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्या आयुष्यानं देता येतं. उद्या देऊ म्हणता येतं. सुमितला उद्या नव्हता.

मग विमल त्याच्या विश्वासाचे पुरावे शोधायला लागली. त्याच्या मित्रांना विचारलं. कॉलेजातल्या खोलीसोबत्याला फोन केला. एके दिवशी म्हणाली, किसनभाऊंना भेटायचं आहे. आम्ही मळ्यात गेलो. किसनभाऊ मेथीच्या जुड्या बांधत होते.

"भाऊ, एक विचारू? सुमित इथं कधी प्रार्थना करत होता काय? डोळे मिटून, एकटा?"

किसनभाऊंनी जुडी खाली ठेवली. "वैनी, तुमच्यापुढं खोटं काहून बोलू. मोटार चालू नाई झाली तं तो शिव्या दे. लय दे." त्यांनी विहिरीकडं बोट केलं. "पन पानी चालू झालं का गाने म्हने. तुमच्या देवळातलेच. अर्धे मले पाठ झाले त्याच्यापायी. बायको म्हने, हे काय येशूचे गाने म्हनून राहिले तुमी मेथीत."

विमल त्या दिवशी पहिल्यांदा हसली. घरी येऊन तिनं शीलाला सांगितलं. शीला म्हणाली, "गाणं चांगलंच आहे ताई. पण..." आणि पुढचं गिळलं. मी शीलाकडं पाहिलं. तिचं चुकलं नव्हतं. मलाही ठाऊक होतं की सुमितला चाली आवडायच्या. तो सिनेमाची गाणीही तितक्याच जोरात म्हणायचा.

आणि किसनभाऊंच्या ह्याच भेटीत आमच्या लक्षात आलं की बगीच्याला पाणी सुटलेलंच नाही.

आम्ही धरून चाललो होतो की दरवर्षीप्रमाणं दिवस आला की किसनभाऊ मोटार लावतील. किसनभाऊ मात्र बांधाच्या अलीकडून रोज झाडं पाहत होते आणि हात लावत नव्हते. म्हणाले, "मले वाटलं, तुमच्यात सुतक असन. पोराच्या हातचा बगीचा, विचारल्याशिवाय पानी कसं देनार. तुमी निरोप धाडसान म्हनून वाट पाहून राह्यलो."

मी म्हणालो, "आमच्यात सुतक नसतं, भाऊ."

ते कपाळाला हात लावून बांधावर बसले. "मले काय मालूम," म्हणाले. "मी इथं आलो तवापासून तुमच्या घरचं कोनी गेलंच नाई."

आम्ही झाडं पाहिली. निम्मी पानं खाली, फांद्यांचे शेंडे वाळून काटक्या झालेले. त्याच संध्याकाळी खत न टाकता, आळी न चाळता पहिलं हलकं पाणी दिलं. मग रीतीप्रमाणं दुसरं, तिसरं. फेब्रुवारी सरत आला तेव्हा काही झाडांना पालवी आणि तुरळक फूल आलं. तो वास एकदम आला नाही. इथं थोडा, तिथं थोडा, मध्येच नाहीसा. काही झाडं नुसती उभी राहिली.

संत्र्याचं झाड मेलं की जिवंत आहे हे पाहायचं असेल तर फांदीची साल नखानं जराशी कोरतात. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर फांदी गेली. विमलनं हे किसनभाऊंच्या बायकोला करताना पाहिलं, आणि मग ती दर आठवड्याला माझ्यासोबत यायला लागली. नुसत्या उभ्या असलेल्या झाडांपाशी जायची, साल कोरायची, पाहायची. हिरवं दिसलं तरी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जागी कोरायची. काही दिवसांनी त्या झाडांची हाताला लागतील तेवढी सगळी अंगं ओरबाडल्यासारखी दिसायला लागली. काही खाचांतून डिंक वाहत होता. झाडांपुरतं बोलता आलं असतं, पण ती फक्त झाडं कोरत नव्हती.

एकदा ती एका खोडाला हात लावून तशीच उभी राहिली. तिची नखं मातकट झाली होती.

"तुम्ही मोजणीवाले," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकाईले हे इकडचं न हे तिकडचं सांगत आले. एकदा मले सांगा. आपला सुमित कोणीकडं आहे?"

देवाकडं आहे म्हणणं सोपं होतं आणि तिला तेच हवं होतं. पण मी नुसतं तसं म्हटलं असतं तर त्यातला पोकळपणा तिला कळला असता. तीस वर्षांचा संसार आहे.

"मले माहीत नाही," मी म्हणालो. "पण तो ज्याच्या हातात आहे, तो माझ्यापेक्षा वाईट बाप नसेल. मी त्याला बाहेर ठेवला नसता. एवढंच माझ्याजवळ आहे."

"येवढंच?"

"एवढंच."

ती रडली, तिथंच आळ्याच्या काठावर बसून. घरी जाताना म्हणाली, "त्या खाचाईले काही लावाले पायजे." पुढच्या रविवारी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट कालवून तिनं स्वतः एकेक खाच भरली. हात कोपरापर्यंत निळे झाले. त्यानंतर तिनं साल कोरली नाही. तिचं समाधान झालं असं मात्र मी लिहिणार नाही. त्या वर्षी बावीस झाडं गेली. ज्यांच्यात हिरवं दिसलं होतं त्यांतलीही काही गेली.

तेव्हापासून दरवर्षी, ताण तोडून पाणी सोडायच्या दिवशी, मोटारीपाशी उभी राहून ती मला तोच प्रश्न विचारते आणि मी तेच उत्तर देतो. त्याच्यात मी कधी भर घातली नाही. मंडळीत नवे पाळक आलेत, शीलाच्या सहभागितेनं नवी जागा घेतली आहे, दोन्हीकडं बाप्तिस्मे होत असतात. विमल दोन्हीकडं जाते. तान्ह्या बाळावर पाणी पडलं तरी ती रडते, आणि मोठा माणूस पाण्यातून वर आला तरी रडते. वाद घालत नाही. शीला तिच्या शेजारी उभी राहून तिचा हात धरते. शीला अजूनही सुमितविषयी बोलायचं टाळते, आणि ह्यातही माया आहे.

हे लिहीत असतानाच यंदाचा ताण संपला आणि परवा पाणी सोडलं. किसनभाऊंनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "दादा, सोडाव का?" आता ते दरवर्षी विचारतात. आम्ही सकाळी गेलो. आळी चाळून झाली होती, खत पडलं होतं. झाडं वाळून, पानं वळवून वाट पाहत होती. मी मोटारीपाशी उभा राहिलो. विमल आली, मफलर नीट केला, ओळींकडं पाहत राहिली. मी तिच्या प्रश्नाची वाट पाहिली. तिनं विचारलं नाही.

थोड्या वेळानं मला राहवलं नाही. मीच विचारलं, "विमल, तुले काय वाटते? तो कोणीकडं असेल?"

ती माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

"मले आता ते कळाले पायजे असं नाही," ती म्हणाली. "कोणीकडंबी असो. त्याले तहान नसावी, बस."

मी बटण दाबलं.